एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडपाशी कूलंट झिरपते: १९७४ ची डॉज डार्ट, ३१८ इंजिन

मिशिगनचा_सातारकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९७४ सालची डॉज डार्ट आहे. तिच्यात क्रायस्लरचे ३१८ घनइंची, म्हणजे सुमारे ५.२ लिटरचे व्ही-आठ इंजिन असून हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणारी, फाटे असलेली नळी) दोन्ही मूळचे, बिडाचे आहेत. चार वर्षांपूर्वी मी ही गाडी इथे मिशिगनमध्येच एका वृद्ध गृहस्थांकडून घेतली. उन्हाळ्यात रविवारी ती चालवायची आणि हिवाळ्यात गॅरेजमध्ये तिचे एकेक काम हाती घ्यायचे, असा तेव्हापासूनचा नेम आहे. व्यवसायाने मी संगणकावर काम करतो, पण साताऱ्याला वडिलांची मोटारसायकल खोलताना त्यांच्या हाताखाली बसून पाने द्यायची सवय लागली ती सुटली नाही. त्यामुळे काम नीट समजले तर स्वतः करण्याची माझी तयारी आहे.

अडचण अशी आहे. मे महिन्यापासून रेडिएटरमधल्या कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी दर आठवड्याला साधारण पाव लिटरने खाली जाऊ लागली. गाडीखाली डाग पडत नव्हता, तेलात पाणी उतरल्याची खूण नव्हती आणि सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नव्हता, त्यामुळे पाणी जाते कुठे हेच महिनाभर कळले नाही. मग एका रविवारी लांबून येऊन मी इंजिन बंद केले आणि लगेच बॉनेट उघडले, तेव्हा प्रवाशाच्या बाजूला, अगदी मागे फायरवॉलजवळ (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याजवळ), मॅनिफोल्डच्या शेवटच्या स्टडपाशी, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बिनडोक्याच्या बोल्टपाशी, तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा बारीक चर्र आवाज ऐकू आला आणि गोडसर वास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना टॉर्च लावून पाहिले, तर नटाभोवती हिरवट-पांढरी खपली धरली होती आणि तिच्या खालच्या कडेला मोहरीएवढा एक थेंब होता. तो मी कापडाने टिपला. दहा मिनिटांनी पाहिले तर त्याच जागी दुसरा थेंब आला होता.

गाडी मी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्टड बदलला आणि तीन आठवडे सगळे ठीक होते, नंतर पुन्हा झिरपायला लागले. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्टड न काढता नटाभोवती बाहेरूनच सिलिकॉनचा जाड थर दिला, तो चार दिवस टिकला. आता त्यांचे म्हणणे असे आहे की हेडला तडा गेला असावा, तेव्हा हेड उतरवून तपासावे लागेल. तो खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने मोठा आहे, आणि तडा खरोखर आहे याची खात्री झाल्याशिवाय पन्नास वर्षांचे हेड उतरवायला माझे मन तयार नाही.

मला मुळात हेच समजत नाही की एक्झॉस्ट धरून ठेवणाऱ्या स्टडमधून पाणी येतेच कसे. ही तड्याची खूण आहे, हेड गॅस्केटची (हेडखालच्या सांध्यातल्या पातळ पट्टीची) आहे की स्टडचीच आहे, हे हेड न उतरवता कसे ओळखावे? आणि स्टडच दोषी असेल तर तो पुन्हा झिरपणार नाही असा बसवण्याची रीत कोणती? या इंजिनावर प्रत्यक्ष काम केलेल्या कोणी मार्गदर्शन केले तर फार उपकार होतील.

जुने_इंजिन

सातारकर, आपण थेंबाचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे पुष्कळ गोष्टी इथूनच सांगता येतात. मी ओहायोमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ इंजिने खोलण्या-बांधण्याचे काम केले असून या घराण्यातली इंजिने त्यांत भरपूर होती.

आधी आपल्या मूळ शंकेविषयी. या इंजिनाच्या हेडमध्ये मॅनिफोल्डच्या टोकांकडच्या स्टडांची छिद्रे बंद नाहीत, ती आरपार वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे कूलंट फिरते त्या आतल्या कप्प्यात, उघडतात. म्हणजे स्टडचे आतले टोक कायम कूलंटमध्ये बुडालेले असते, आणि आतले पाणी व बाहेरची हवा यांच्यामध्ये ना गॅस्केट असते ना ओ-रिंग. अडसर असतो तो फक्त आट्यांचा आणि आट्यांत भरलेल्या सीलरचा. क्रायस्लरच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याविषयी स्पष्ट ताकीद आहे. नट सोडताना स्टड नटाबरोबर बाहेर आला, तर नवा स्टड घालावा आणि त्याच्या जाड आट्यांच्या टोकाला सीलर लावावा, तसे न केल्यास स्टडपाशी पाणी गळू शकते, असे तिथे लिहिले आहे. तेव्हा आपल्या गाडीला काही जगावेगळा रोग जडलेला नाही. स्टडला हात लावणाऱ्याने ही एक ताकीद पाळली नाही की हेच होते.

तडा की स्टड, हे हेड न उतरवता ठरवता येते. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका, या गाडीत बहुधा १६ पीएसआय (दर चौरस इंचाला १६ पाउंड), दाब भरा. त्याआधी स्टडभोवतीचे सिलिकॉन आणि खपली ब्रशने पूर्ण काढून जागा कोरडी करा, नाहीतर थेंब नेमका कुठून निघतो ते दिसणार नाही. मग आरसा आणि टॉर्च घेऊन पंधरा मिनिटे बघत बसा. थेंब नटाच्या मधून, आट्यांच्या वाटेने आला तर तो स्टडचा. स्टडच्या आजूबाजूच्या बिडावर रेघेसारखी ओल उमटली तर तड्याची शंका घ्यावी. हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यातून ओल आली तर हेड गॅस्केट. गॅस्केटविषयी मनात शंकाच नको असेल, तर रेडिएटरच्या तोंडावर धरून वापरायची निळ्या द्रवाची चाचणी मिळते. ज्वलनातला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. आपण लिहिलेल्या खुणांवरून मला स्टडचीच खात्री वाटते, पण चाचणी स्वस्त आहे, ती जरूर करावी.

आता स्टड बदलूनही तीन आठवड्यांत का गळला याकडे वळतो, कारण हे न समजता आपण तिसरा स्टड घातला तर तोही गळेल.

मॅनिफोल्ड तापला की वाढतो. बीड दर मीटरला दर अंशामागे सुमारे ११ मायक्रॉन वाढते. मॅनिफोल्डची लांबी अंदाजे अर्धा मीटर धरली आणि तो ४०० अंशांनी तापला असे मानले, तर तो दोन मिलिमीटरहून थोडा जास्त लांब होतो. हेड मात्र पाण्याने गार राहते, त्यामुळे ते तेवढ्याच वेळात अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. हा फरक दोन्ही टोकांकडे वाटला जातो, म्हणजे प्रत्येक टोकाला मॅनिफोल्ड पाऊण ते एक मिलिमीटर सरकू पाहतो. कारखान्याने हे ओळखूनच मांडणी केली आहे. मॅनिफोल्डच्या मधल्या फाट्याचे बोल्ट वॉशरशिवाय घट्ट बसतात, तर टोकांकडच्या स्टडांवर शंकूच्या आकाराचे वॉशर असतात, जेणेकरून मॅनिफोल्डला मधोमध पकड राहावी आणि टोकांना सरकायला वाव मिळावा. टोकाचा नट पाना लांब धरून जोरात आवळला, किंवा शंकूचे वॉशर हरवले म्हणून साधे चपटे वॉशर घातले, तर मॅनिफोल्ड सरकत नाही आणि स्टडलाच ओढतो. गाडी दर वेळी तापते आणि निवते तेव्हा स्टड त्या छिद्रात किंचित डोलतो आणि सीलर आट्यांपासून सुटतो. म्हणूनच मॅन्युअलमध्ये बोल्टांना २० फूट-पाउंड, पण नटांना फक्त १५ फूट-पाउंड टॉर्क (आवळण्याचा जोर) दिला आहे, म्हणजे अनुक्रमे सुमारे २७ आणि २० न्यूटन-मीटर. पंधरा हा आकडा हाताला फार कमी वाटतो. तरीही त्यावर थांबावे.

करण्याची रीत सांगतो. इंजिन गार असताना रेडिएटरच्या खालच्या तोटीतून पाणी काढून टाका. इंजिनाच्या पाण्याच्या पंपाची पातळी हेडपेक्षा बरीच खाली असल्यामुळे ब्लॉकच्या बाजूचे प्लग उघडण्याची गरज सहसा पडत नाही, पण रेडिएटरचे झाकण उघडे ठेवा म्हणजे पाणी अडून राहणार नाही. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. त्यातले एथिलीन ग्लायकोल चवीला गोड लागते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोडक्यातही दगावतात, मुलांनाही ते तितकेच घातक आहे. ते झाकणाच्या डब्यात भरून जिथे जुने तेल स्वीकारले जाते तिथे चौकशी करून द्या.

नट गंजून धरला असेल तर जोर करू नका. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारा, दुसऱ्या दिवशी नट गॅसच्या ज्योतीने तापवा आणि थोडा निवल्यावर मागे-पुढे हलवत सोडा. तेल मारलेल्या जागी ज्योत नेण्याआधी ते पुसून घ्या, हे वेगळे सांगायला नको. स्टड हेडमध्ये मोडला तर काम चौपट होते. स्टड बाहेर आला की सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो, आणि बहुतेक लोक तोच उरकून टाकतात. हेडमधले आटे कोरडे आणि स्वच्छ झाले पाहिजेत. जुना सीलर आणि गंज आटे साफ करण्याच्या चेझरने काढा, नंतर ब्रेक क्लीनर मारून हवेने फुंकर घाला, आणि पाच मिनिटांनी कापडाची वळी आत फिरवून पाहा. कप्प्यात अडकलेले थोडे पाणी पुन्हा पुन्हा आट्यांवर येते. वळी ओली निघाली तर पुन्हा सुकवा. ओल्या आट्यांवर जगातला कोणताही सीलर धरत नाही.

सीलर म्हणून मी टेफ्लॉन असलेली पेस्ट वापरतो, लॉकटाइट ५९२ किंवा त्या जातीची. ती सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. एक्झॉस्ट त्याहून कितीतरी जास्त तापतो हे खरे, पण स्टडचे हेडमधले टोक पाण्याने गार राहते, त्यामुळे तिथे ती पुरते. पेस्ट स्टडच्या जाड आट्यांवर सगळीकडून बोटाने दाबून भरा, आतल्या टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा आणि थोडी पेस्ट हेडमधल्या पहिल्या दोन आट्यांनाही लावा. स्टड हाताने फिरवून शेवटी हलका आवळा. तो जोर लावून पिळायचा नसतो. रात्रभर तसेच ठेवा, दुसऱ्या दिवशी मॅनिफोल्ड चढवा आणि त्यानंतरच पाणी भरा. बाहेरच्या बारीक आट्यांवर नटासाठी अँटी-सीझ लावायला हरकत नाही, पण ते आतल्या टोकाला चुकूनही लागू देऊ नका, कारण ते वंगण आहे, सीलर नव्हे.

टोरांटोकर

माझा अनुभव थोडा वेगळा असल्यामुळे लिहितो. माझ्या ३६० इंजिनाला हाच त्रास होता तेव्हा मी रेडिएटरमध्ये गळती बंद करणारे मिश्रण टाकले आणि सहा-सात महिने एक थेंब आला नाही. सातारकरांची गळती आठवड्याला पाव लिटर एवढीच आहे, तेव्हा स्टड काढताना तो मोडण्याचा धोका पत्करण्याआधी हा उपाय करून पाहू नये का? दुसरे असे की सीलर म्हणून मी तांबड्या रंगाचे उष्णतारोधक सिलिकॉन वापरावे असे म्हणेन, कारण ते सुमारे साडेतीनशे अंशांपर्यंत टिकते. टेफ्लॉन पेस्टचे दोनशे अंश मला तोकडे वाटतात.

जुने_इंजिन

टोरांटोकर, आपला उपाय सहा महिने चालला यात मला नवल वाटत नाही, आणि प्रवासात अडकलेल्या माणसाने घरी पोचण्यासाठी तो केला तर मी त्याला दोष देणार नाही. पण ते मिश्रण फटीत जाऊन घट्ट होते, आणि ही फट स्थिर नाही. दर वेळी गाडी तापली की स्टड हलतो, त्यामुळे आज बसलेले बूच कधीतरी निघते. त्याच मिश्रणाचा गाळ हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतो, आणि मिशिगनच्या जानेवारीत हीटर गार पडला तर स्टडापेक्षा ते काम पुष्कळ मोठे आहे. डार्टचा हीटर काढण्यासाठी डॅशबोर्डच्या खाली पाठीवर पडून काम करावे लागते.

सिलिकॉनविषयी माझे मत असे आहे की तापमान हा इथला मुख्य प्रश्न नाही. मघाशी म्हटल्याप्रमाणे स्टडचे आतले टोक कूलंटच्याच तापमानाला असते. थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास उघडतो, आणि अर्धे पाणी-अर्धे ग्लायकोल असे मिश्रण झाकणाच्या दाबाखाली सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे पेस्टला पुरेसा वाव आहे. सिलिकॉन मऊ असते आणि स्टड फिरवताना आट्यांतून बाहेर पिळले जाते, आत ढकलले गेलेले तुकडे कूलंटमध्ये फिरतात ते वेगळेच. काही जुने मेकॅनिक ते व्यवस्थित वापरतात हे मी पाहिले आहे, तेव्हा ते चालणारच नाही असे मी म्हणत नाही. पण आटे स्वच्छ आणि कोरडे असतील तर दोन्ही टिकतात, आणि तसे नसतील तर दोन्ही गळतात.

मिशिगनचा_सातारकर

जुने_इंजिन काका, आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. शनिवारी दिवसभर काम केले. जे दिसले ते सांगतो, कारण आता एका नव्या प्रश्नापाशी अडलो आहे.

प्रेशर टेस्टर लावला तेव्हा चौथ्या मिनिटाला नटाच्या मधूनच थेंब आला आणि आजूबाजूचे बीड शेवटपर्यंत कोरडे राहिले. निळा द्रव निळाच राहिला. म्हणजे तडाही नाही आणि गॅस्केटही नाही, या एका गोष्टीने मोठा भार उतरला.

सिलिकॉनचा थर नखाने ओढल्यावर रबराच्या पट्टीसारखा अखंड निघून आला, त्याखाली सगळे ओलेच होते. नट इतका आवळलेला होता की पान्याला नळी लावून सोडावा लागला, आणि त्याखाली शंकूचे नव्हे तर साधे चपटे वॉशर निघाले. नट सुटताना स्टडही त्याच्याबरोबर फिरत बाहेर आला. त्याच्या जाड आट्यांवर नळ जोडताना गुंडाळतात ती पांढरी टेप होती. ती फाटून सुतासारखी लोंबत होती आणि खालच्या निम्म्या आट्यांवर तिचा मागमूसही नव्हता. हा स्टड जेमतेम दोन महिन्यांचा, तरी त्याच्या पाण्याकडच्या टोकावर तांबूस गंज धरला आहे. त्याच मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाचा स्टड मात्र बहुधा पहिल्यापासूनचा असावा. तोही काढला, तर त्याचे आतले टोक झिजून तासलेल्या पेन्सिलीसारखे निमुळते झाले होते. तो अजून गळत नव्हता याचेच आश्चर्य वाटले.

आता अडचण अशी की मागच्या छिद्रात नवा स्टड हाताने दीड-दोन फेरे जातो आणि अडतो. आरशात पाहिले तर बाहेरचे दोन आटे चेपल्यासारखे दिसतात, आणि स्टड तिरका धरून घुसवल्याची शंका येते. इथे टॅप मारावा, म्हणजे आटे नव्याने कापावेत का, की छिद्र मोठे करून इन्सर्ट (आतून आटे असलेला तुकडा) बसवावा?

उद्यमनगर

सातारकर, मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरमध्ये मशीन शॉप चालवतो. डार्ट गाडी मी फक्त चित्रात पाहिली आहे, पण बिडाच्या हेडमधले बिघडलेले आटे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

टॅप मारण्याआधी गॅरेजवाल्यांनी घातलेला स्टड आट्यांच्या गेजने मोजा. आपल्या हेडमध्ये ५/१६ इंची, म्हणजे आमच्या भाषेत अडीच सुती, इंचाला १८ आटे असलेला स्टड हवा. ८ मिलिमीटरचा मेट्रिक स्टड त्याच्याशेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही, कारण अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. फरक असतो तो आट्यांच्या अंतरात. अठराच्या आट्याचे अंतर १.४१ मिलिमीटर असते, तर आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्टडचे १.२५. असा स्टड दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातो, मग अडतो आणि पान्याने रेटला की हेडचे बाहेरचे आटे चेपून आत शिरतो. आपले वर्णन मला त्याच जातीचे वाटते. असे झाले असेल तर टेप असो वा पेस्ट, आट्यांच्या बाजू एकमेकींना टेकतच नाहीत, आणि पाण्याला मळसूत्राच्या वाटेने सरळ रस्ता मिळतो.

टॅप मारू नका असे मी म्हणेन, निदान पहिल्यांदा तरी. धारेचा टॅप चेपलेला आटा सरळ करत नाही, तो धातू कापून काढतो. आरपार छिद्रात आट्यांची घट्ट पकड हेच आपले सील आहे, म्हणून कापलेला प्रत्येक कण गळतीच्या बाजूने जातो. चेझर घ्या, तो आटे कापत नाही, मळ काढून त्यांना पूर्वीच्या वळणावर आणतो. चेझर मिळत नसेल तर चांगल्या प्रतीच्या ५/१६-१८ स्टडला लांबीच्या दिशेने करवतीने तीन खाचा पाडून तो फिरवला तरी तेच काम होते. खाचांत ग्रीस भरा म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येईल आणि वॉटर जॅकेटमध्ये पडणार नाही. सुरुवात करताना तो छिद्राला काटकोनात आहे ना हे दोन बाजूंनी गुण्या लावून पाहा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अशा चालीने जा. हाताला घाई झाली की तिथेच थांबा.

आतले चार-पाच आटे शाबूत असतील तर बाहेरचे दोन चेपलेले आटे गेले तरी चालते. पण चेझर फिरवल्यावरही स्टड छिद्रात डुगडुगत असेल, तर मात्र छिद्र मोठे करून नवा आटा द्यावा लागेल. त्या वेळी तारेच्या कॉइलचा इन्सर्ट घेऊ नका. कोरड्या, बंद छिद्रात तो उत्तम आहे, पण आरपार छिद्रात कॉइलच्या मागून पाण्याला वाट राहते आणि सीलर दोन्हीकडून भरावा लागतो. भरीव भिंतीचा, आतून-बाहेरून आटे असलेला बुश घ्या आणि त्याच्या बाहेरच्या आट्यांनाही पेस्ट लावा. आमच्याकडे असा बुश लेथवर बिडातूनच पाडून देतात, आपल्याकडे तो तयार मिळेल. हे छिद्र फायरवॉलच्या अगदी जवळ आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा ड्रिल सरळ धरायला जागा नसेल तर हे काम घरी करू नका.

मिशिगनचा_सातारकर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण तीन आठवडे पूर्ण होण्याआधी काही सांगणे योग्य वाटले नाही.

उद्यमनगर साहेब, आपला अंदाज खरा ठरला. पेटीतल्या गेजने मोजले तर गॅरेजने घातलेल्या स्टडच्या हेडकडच्या टोकाला १.२५ चे पाते बिनचूक बसले. मागच्या छिद्रात बाहेरचे दोन आटे वगळता हेडचे आटे शाबूत निघाले. चेझर आणला, खाचांत ग्रीस भरून फिरवला, आणि काळसर ग्रीसमध्ये गंजाच्या भुकटीबरोबर धातूचा चमकदार भुगाही आला. त्यानंतर नवा अडीच सुती स्टड शेवटपर्यंत हाताने गेला आणि जराही डुगडुगला नाही, त्यामुळे बुशाची गरज पडली नाही.

सुकवण्याला मी सर्वांत जास्त वेळ दिला. पहिल्या दोन वेळा कापडाची वळी ओलसर निघाली, म्हणून गाडीचा मागचा भाग जॅकने चार इंच उचलला. तेव्हा आत अडकलेले पाणी पुढे सरकले असावे, कारण तिसऱ्या खेपेपासून वळी कोरडी येऊ लागली. पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्टड पेस्ट लावून बसवले, एक रात्र तसेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी शंकूच्या वॉशरांसह मॅनिफोल्ड चढवला. मधल्या फाट्यापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने गेलो, बोल्ट २० वर आणि नट १५ वर थांबवले. काका, पंधरा खरोखरच कमी वाटतात. हात पुढे जात होता, तो आवरला.

पाणी भरताना हीटर पूर्ण उघडा ठेवून हवा काढली आणि गार इंजिनावर १६ पीएसआय दाब भरून वीस मिनिटे आरसा धरून बसलो. काटा हलला नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर, इंजिन गार असताना, नटांवर पुन्हा टॉर्क पाना लावून पाहिला, त्यांतला एकच नट किंचित फिरला. आतापर्यंत गाडी सुमारे ४०० मैल, म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास फिरली आहे. दर रविवारी परतल्यावर मी दोन्ही नटांखाली पांढरा कागद खोचून ठेवतो आणि सोमवारी सकाळी तो काढून पाहतो. तिन्ही कागद कोरडे निघाले, आणि रेडिएटरमधली पातळी मी खडूने केलेल्या खुणेवरच आहे.

ड्रायव्हरच्या बाजूचे स्टड अजून मूळचे आहेत. ते गळत नाहीत, पण पुढच्या स्टडचे पेन्सिलीसारखे टोक डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून तेही या हिवाळ्यात काढायचे ठरवले आहे.

जुने_इंजिन

फार समाधान वाटले. मागचा भाग उचलण्याची युक्ती चांगली आहे, ती मीही यापुढे वापरेन. ड्रायव्हरच्या बाजूला हात घालण्याआधी स्टिअरिंगचा दांडा मॅनिफोल्डच्या किती जवळून जातो ते पाहून ठेवा, तिथे पाना फिरवायला प्रवाशाच्या बाजूपेक्षा कमी जागा मिळते. आणि ते स्टड पन्नास वर्षे जागेवरून हललेले नाहीत, तेव्हा गंज सोडवणारे तेल एक दिवस नव्हे, आठवडाभर रोज मारा.